वर्कस्टेशन घ्यावं की जोडून घ्यावं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि आमच्या लंडनच्या घरातला जुना कॉम्प्युटर एका दिवसात निवृत्तीला आला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि प्रोसेसरही त्यांच्या यादीतला लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. नवा घेणं भाग होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कॉम्प्युटर मी स्वतः निवडणार होते, आणि माझं काम साधं पत्रव्यवहाराचं नव्हतं.

माझ्याकडे सासऱ्यांच्या व्हिडिओ कॅसेट आहेत. ते सत्तरच्या दशकात डॉक्टर म्हणून इंग्लंडमध्ये आले आणि पुढे हौसेने कॅमेरा घेऊन फिरले. न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनचे गणेशोत्सव, घरोघरची बारशी, नाटकांच्या तालमी हे सगळं त्या फितींवर आहे. त्यातली कितीतरी माणसं आता नाहीत. या फिती डिजिटल करायच्या आणि त्यांच्या जोडीला आज हयात असलेल्या आजी-आजोबांच्या मुलाखती नव्या कॅमेऱ्याने चित्रित करून संकलित करायच्या, हे मी मनावर घेतलं आहे.

व्हिडिओचं काम म्हणजे ताकदवान मशीन हवं, एवढंच मला माहीत होतं. म्हणून सुरुवात वरच्या टोकापासून केली. डेल, एचपी आणि लेनोवो या तिन्ही कंपन्या वर्कस्टेशन नावाचा वेगळा वर्ग विकतात. एचपीची झेड मालिका, लेनोवोची थिंकस्टेशन, डेलची वर्षानुवर्षं प्रिसिजन नावाने ओळखली गेलेली मशिनं. किमती पाहून पहिला गोंधळ झाला, कारण हा माल मुख्यतः कंपन्यांसाठी असल्यामुळे आकडे बऱ्याचदा व्हॅट सोडून लिहिलेले असतात. घरगुती ग्राहकाने त्यात वीस टक्के मिळवायचे. मग शब्दांचा मारा सुरू झाला: झिऑन प्रोसेसर, ईसीसी मेमरी, आयएसव्ही सर्टिफिकेशन. एकेका शब्दासाठी मी संध्याकाळ घालवली आणि प्रत्येकामागे खरं कारण आहे हे समजलं. ईसीसी मेमरीत एखादा बिट चुकून उलटला तर ती स्वतःच दुरुस्त करते. दिवसेंदिवस चालणाऱ्या शास्त्रीय गणितात ही मोलाची गोष्ट आहे. सर्टिफिकेशन म्हणजे सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी त्या विशिष्ट मशीनवर आपला प्रोग्रॅम तपासलेला असतो. पुलाचा आराखडा काढणाऱ्या अभियंत्याला ही खात्री हवीच. बारशाची चित्रफीत जोडताना मला तिची गरज नव्हती.

दुसरीकडे ॲपलचं मॅक स्टुडिओ होतं. २०२५ चं मॉडेल ब्रिटनमध्ये २,०९९ पौंडांपासून सुरू झालं, ३६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबी साठवण. आकाराने छोटं, जवळजवळ आवाज न करणारं, व्हिडिओच्या कामात अत्यंत वेगवान. मोह झाला. पण त्यातली मेमरी नंतर वाढवता येत नाही. पुढच्या सहा-सात वर्षांत किती लागेल, ते खरेदीच्या दिवशीच ठरवायचं. जी व्यक्ती आजच्या गरजेबद्दलही साशंक आहे तिने पुढच्या सात वर्षांचं कसं ठरवावं?

तिसरी वाट असेंबल्डची. हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यात घरी कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न हाच असे: ब्रँडेड की असेंबल्ड? मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन सुटे भाग घ्यायचे आणि ओळखीच्या मुलाकडून जोडून घ्यायचे, ही मध्यमवर्गाची रीतच होती. ब्रिटनमध्येही हा पर्याय जुनाच आहे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स८० हा घरगुती कॉम्प्युटर १९८० साली दोन प्रकारे विकला जाई. स्वतः जोडायचा संच ७९.९५ पौंडांना आणि तयार मशीन ९९.९५ पौंडांना. वीस पौंडांच्या त्या फरकात कोणीतरी तुमच्यासाठी घेतलेले कष्ट होते आणि मशीन चालू होईल याची हमी होती.

पुण्यात माझा भाचा अशी मशिनं जोडतो. त्याला फोन करून मी माझी यादी वाचून दाखवली: कोणता प्रोसेसर, कोणतं ग्राफिक्स कार्ड, किती मेमरी. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मावशी, हे सगळं नंतर. आधी सांग, टेप आत कुठून घेणार?"

या एका प्रश्नाने माझी शोधाची दिशा बदलली. मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल टेपच्या कॅमेऱ्यातून चित्रफीत उतरवायला फायरवायर नावाची जोडणी लागते. आजच्या मशिनांवर ती नसतेच. ॲपलने तर २०२५ च्या मॅकओएस २६ मधून फायरवायरचा आधारच काढून टाकला. म्हणजे मोह पाडणारं ते वेगवान मॅक स्टुडिओ माझ्या फितींसाठी बंद दार होतं. याउलट, ज्या डेस्कटॉपमध्ये पीसीआयई खाच मोकळी असते तिथे फायरवायरचं छोटं कार्ड बसवता येतं.

"आणि ताकद?" मी विचारलं.

"टेपला ताकद लागतच नाही गं. तासाभराची टेप तासाभरातच उतरते, मशीन कितीही महाग असू दे. तासाला साधारण तेरा जीबी जागा लागेल, बस. ताकद लागेल ती तुझ्या नव्या मुलाखतींना."

त्याचा खुलासाही त्याने केला. नवे कॅमेरे चित्र फार घट्ट दाबून साठवतात. ते उलगडायला प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डमध्ये खास सोय असावी लागते. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ती असते. ती नसेल तर महागडं मशीनही संकलनाच्या वेळी अडखळतं, आणि असेल तर मध्यम किमतीचं मशीनही सुरळीत चालतं. म्हणजे माझ्या कॅमेऱ्याच्या फाइली कोणत्या प्रकारच्या आहेत, हे आधी पाहायचं. मी ते पाहिलं, आणि यादीतल्या निम्म्या शंका तिथेच मिटल्या.

आता उरला प्रश्न पैशांचा आणि जबाबदारीचा. सुटे भाग स्वतः घेणं स्वस्त पडेल असा माझा समज होता. पण २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि किरकोळ बाजारात तिचे भाव भडकले. बचत पूर्वीइतकी राहिली नव्हती. शिवाय सुट्या भागांत प्रत्येकाची हमी वेगळी. मशीन सुरूच झालं नाही तर दोष मदरबोर्डचा, मेमरीचा की पॉवर सप्लायचा, हे शोधायचं कोणी? भाचा पुण्यात, मी लंडनमध्ये.

इथे ब्रिटनचे कायदे वाचणं मला फार उपयोगी पडलं. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू पहिल्या तीस दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळात नव्हता हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर असतो. १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार शंभर पौंडांहून अधिक आणि तीस हजारांपर्यंत किमतीची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली तर कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. पण ही मर्यादा एकेका वस्तूला लागते. नव्वद पौंडांचा पॉवर सप्लाय सुटा घेतला तर तो या कलमाबाहेर, आणि तोच पूर्ण जोडलेल्या मशीनमध्ये आला तर आत. दुसरी बाजूही आहे. ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत कारण न देता रद्द करण्याचा हक्क ग्राहकाच्या खास मागणीप्रमाणे बनवलेल्या वस्तूंना लागू नसतो. म्हणून मागणी नोंदवण्याआधी विक्रेत्याच्या परतीच्या अटी वाचून घ्याव्यात.

यातून मला मधला रस्ता दिसला. ब्रिटनमध्ये सिस्टिम बिल्डरांचा चांगला प्रस्थापित व्यवसाय आहे. बोल्टनची स्कॅन आणि वेकफील्डची पीसीस्पेशालिस्ट ही त्यातली ठळक नावं. भाग आपण निवडायचे. जोडणी, तपासणी आणि हमी त्यांची. भाग बाजारात मिळणाऱ्या प्रमाणित मापाचे असतात, त्यामुळे पुढे एखादा बिघडला तर कुठूनही आणून बदलता येतो. मोठ्या कंपन्यांच्या वर्कस्टेशनमध्ये मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय अनेकदा त्यांच्याच खास मापाचे असतात आणि हमी संपल्यावर ते शोधत बसावं लागतं. त्याच्या बदल्यात त्या कंपन्या घरी येऊन दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ देतात. ज्याचा धंदा मशीन एक दिवस बंद पडल्याने थांबतो, त्याने ते जास्तीचे पैसे जरूर मोजावेत. माझं काम आठवडाभर थांबू शकतं.

मी अशाच एका बिल्डरकडून मशीन घेतलं. अंगभूत ग्राफिक्सचा इंटेल प्रोसेसर, मध्यम ग्राफिक्स कार्ड, मेमरीसाठी दोन खाचा मोकळ्या, आणि फायरवायरच्या कार्डासाठी एक पीसीआयई खाच. वर्कस्टेशनच्या तुलनेत बरेच पैसे वाचले.

त्या पैशांचं काय करायचं, हे मी ठरवून टाकलं आहे, आणि ज्यांच्या कपाटात अशा कॅसेट आहेत त्या प्रत्येक मराठी घराला तेच सांगेन. कॉम्प्युटर पुढच्या वर्षीही मिळेल, त्याच्या पुढच्याही. पण व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई या शेवटच्या कंपनीने जुलै २०१६ मध्ये ते उत्पादन थांबवलं, आणि मिनीडीव्हीचे कॅमेरेही आता जुन्या बाजारातच सापडतात. फिती विरत चालल्या आहेत आणि त्या वाचणारी यंत्रंही. म्हणून मशीनवर गरजेपुरताच खर्च करा. उरलेल्या पैशांतून चालू स्थितीतला प्लेअर मिळवा, त्याची दुरुस्ती करून घ्या आणि प्रत्येक चित्रफितीच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्यासाठी डिस्क घ्या. हे काम याच वर्षी हाती घ्या.