लावणीची तारीख पेरणीदिवशीच ठरवा

"बघू दोन दिवसांनी" म्हणता म्हणता भाताचं रोप महिन्याच्या वर जातं. जून झालेल्या रोपाला फुटवे कमी, अन् उत्पन्न तिथंच घटतं. आपल्या मावळात इंद्रायणी घरोघरी. १९८७ चा हा वाण वडगाव मावळच्याच संशोधन केंद्राचा.

चारसूत्रीत रोप २१ ते २५ दिवसांचं लागतं. म्हणून मी पेरणीदिवशीच लावणीची तारीख भिंतीवर लिहितो अन् सावडीतल्या घरांना सांगून टाकतो. आज मी त्यांच्या खाचरात, उद्या ती माझ्या. माणसं बांधावर आल्यावर "चिखलणी राहिलीय" म्हणायची सोय नसते. युरिया-डीएपीच्या गोळ्याही आधीच आणून ठेवाव्या लागतात. लावणीदिवशीच चार चुडांच्या मधोमध एक खोचायची असते.

तुमच्या रोपाला आज कितवा दिवस?