समुद्र नसलेला परगणा

इंग्रजी साहित्य शिकताना कितीतरी डोंगर, नद्या आणि गावे आम्हांला न पाहताच पाठ झाली. श्रॉपशायर हा त्यांतलाच एक परगणा. वेल्सच्या सीमेला टेकलेल्या या प्रदेशाला समुद्रकिनारा नाही. सेव्हर्न नदी वेल्समधून येते, श्रूजबरी शहराला जवळजवळ पूर्ण वेढा घालते आणि आग्नेयेकडे निघून जाते. ढोबळमानाने तिच्या उत्तरेस सपाट कुरणांचा मुलूख, तर दक्षिणेस लाँग मिंड, वेनलॉक एज, क्ली असे डोंगर. त्यांत सर्वांत उंच ब्राउन क्ली, तोही ५४० मीटरच. आपल्या कळसूबाईच्या निम्माही नाही.

तरीही कवितेत हे डोंगर फार उंच झाले. ए. ई. हाउसमन यांचा 'अ श्रॉपशायर लॅड' हा संग्रह १८९६ साली आला. कवी मात्र श्रॉपशायरचे नव्हेत. त्यांचा जन्म १८५९ साली शेजारच्या वूस्टरशायरचा. हे डोंगर त्यांना लहानपणी पश्चिम क्षितिजावर, मावळतीच्या दिशेला दिसत. त्यांच्या कवितेतल्या ह्यूली गावच्या चर्चला उंच मनोरा आहे, प्रत्यक्षातल्या चर्चला तो नाही. म्हणून कविता खोटी ठरत नाही. हे श्रॉपशायर दुरून पाहणाऱ्याचे आहे, आणि म्हणूनच बहुधा आमच्यासारख्या आणखी दूरच्या वाचकांनाही ते आपले वाटले. १९३६ साली हाउसमन निवर्तले, तेव्हा त्यांच्या अस्थी मात्र श्रॉपशायरमधील लडलो येथेच विसावल्या.

पण या परगण्याशी आमचे नाते केवळ कवितेचे नाही. रॉबर्ट क्लाइव्ह १७२५ साली येथल्याच मार्केट ड्रेटनजवळ जन्मला. १७५६ साली तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर इंग्रज चालून गेले, तेव्हा आरमार वॉटसनकडे होते आणि जमिनीवरचे सैन्य क्लाइव्हकडे. पेशवे त्या वेळी इंग्रजांच्याच बाजूला होते, हेही सांगितले पाहिजे. समुद्र नसलेल्या परगण्याचा हा पुत्र आमच्या जलदुर्गापर्यंत पोहोचला. श्रूजबरीच्या चौकात १८६० सालापासून त्याचा पुतळा उभा आहे.

हरवलेल्या भूमीची हुरहुर आणि दुसऱ्याची भूमी घेण्याची उमेद, दोन्ही एकाच मातीच्या नावाशी जोडलेल्या आहेत. एकीमुळे दुसरी पुसली जात नाही. वर्गात हाउसमन शिकवताना आम्ही फळ्यावर सेव्हर्नचा वेढा काढतो आणि शेजारी, मापाबाहेर का होईना, विजयदुर्गाचा ठिपकाही देतो.