ठिपक्यांच्या मुलखात

मैत्रिणींनो, ऑस्ट्रेलियाहून कुणी भाची-पुतणी आली की तिच्या बॅगेतून आपल्यासाठी काय निघतं? कोआलाचं किचेन, चॉकलेटं, आणि ठिपक्याठिपक्यांनी भरलेलं कासव नाहीतर पाल काढलेला एखादा रुमाल. "अय्या, किती नाजूक काम!" म्हणत आपण तो शोकेसमध्ये मांडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "तिथल्या आदिवासींची हजारो वर्षांपूर्वीची कला हं ही!" यातलं अर्धं खरं आहे, अर्धं नाही. रुमाल पुष्कळदा त्या लोकांच्या हातचा नसतोच. आणि कॅनव्हासवरच्या ज्या ठिपक्यांच्या चित्रांनी जगाला वेड लावलं, ती हजारो वर्षांची नाहीत. ती १९७१ साली सुरू झाली. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणींहून वयाने लहान!

मग जुनं काय? ते पाहायचं तर त्या ठिपक्यांच्या माहेरी जायला हवं. मुलाकडे-लेकीकडे मेलबर्न-सिडनीला जाणाऱ्या आपल्यातल्या बहुतेक जणी समुद्रकाठची शहरं पाहून परत येतात. जमलंच तर मेलबर्नहून विमानाने तीन तासांवर, देशाच्या अगदी पोटात असलेल्या ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन या. विमान उतरू लागलं की खिडकीतून खाली पाहा. कुंकवासारखी लाल माती, आणि तिच्यावर दूरवर पसरलेली गवताची गोल गोल ठोंबं. कुणी ठिपके देत बसलं असावं असंच वाटतं.

गाव लहानसंच. मधून टॉड नावाची नदी जाते, पण नदी म्हणजे नुसती वाळू. दरवर्षी त्या कोरड्या पात्रात होड्यांची शर्यत होते. बुडाला भोक पाडलेल्या होड्या कमरेला धरायच्या आणि पळत सुटायचं! १९९३ साली नदीला पाणी आलं म्हणून ही शर्यत रद्द करावी लागली होती, आता बोला. गावातल्या मुख्य रस्त्यावर चित्रांची दुकानं ओळीने आहेत. पण आपली गोष्ट इथून आणखी सुमारे अडीचशे किलोमीटर वायव्येला सुरू होते, पापुन्या नावाच्या वस्तीत.

ही वस्ती सरकारने १९५०च्या दशकाच्या अखेरीस वसवली. पिंटुपी, वार्लपिरी, लुरिचा अशा वेगवेगळ्या भाषांच्या, वाळवंटात हिंडून राहणाऱ्या लोकांना आणून एका जागी बसवायचं आणि गोऱ्यांसारखं वागायला शिकवायचं, हे धोरण. लोक आपापल्या पाणवठ्यांपासून, पूर्वजांच्या जागांपासून तुटले. आजारपण आणि भांडणं वाढली. ॲल्बर्ट नामाचिरा हा जलरंगांतला थोर आदिवासी चित्रकार. आपल्याच माणसाला दारू दिल्याच्या गुन्ह्याची शिक्षा १९५९ साली त्याने इथेच भोगली आणि त्याच वर्षी तो गेला.

१९७१ साली जेफ्री बार्डन नावाचा तरुण चित्रकला-शिक्षक पापुन्याच्या शाळेत आला. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. वर्गात मुलं कागदावर घोडेस्वार नि बंदुका काढत, आणि बाहेर खेळताना मात्र बोटांनी वाळूत निराळ्याच खुणा काढत बसत. "हेच वर्गात काढा की," असं त्याने सुचवलं. मुलांचं पाहून शाळेच्या आवारात काम करणारी मोठी माणसं जवळ आली. मग कापा चाम्पिचिन्पा आणि त्याच्या जोडीदारांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. पापुन्या हे त्या कथेतलंच स्थान. पोटात मध साठवणारी ही मुंगी तिथल्या बायका अजूनही जमिनीतून खणून काढतात. गोऱ्यांच्या शाळेची भिंत आणि वर आपली कथा! पुढे काही वर्षांनी अधिकाऱ्यांनी त्या भिंतीवर रंग फासून ती पुसून टाकली. आज तिचे फक्त फोटो आहेत.

पण लागलेलं वेड थांबलं नाही. खोक्यांच्या फळ्या, हार्डबोर्डचे तुकडे, फरशीच्या टाइल्स, मिळेल त्यावर माणसं रंगवू लागली. १९७२ साली चित्रकारांनी आपल्या मालकीची 'पापुन्या टुला' ही कंपनी काढली. ती आजही आहे.

आता जुनं काय ते सांगते. खुणा जुन्या आहेत, आणि फार जुन्या. धार्मिक विधीच्या वेळी जमीन सारवल्यासारखी तयार करून तिच्यावर गेरू आणि वनस्पतींचा कापसासारखा लव यांनी मोठी नक्षी घालत. अंगाला चरबी चोळून छाती-खांद्यांवर रंगाच्या रेघा ओढत. विधी संपला की सगळं पुसून टाकायचं. ही चित्रं टिकवण्यासाठी नव्हतीच मुळी. आपण आज काढलेली रांगोळी उद्या झाडून टाकतो, तसंच.

त्या खुणा वाचायला शिकलं तर गंमत येते. घोड्याच्या नालासारखा अर्धगोल म्हणजे बसलेलं माणूस. वाळूत मांडी घालून बसा आणि उठून पाहा, तोच ठसा उरतो. त्याच्या बाजूला एक सरळ रेघ आणि एक लांबट गोल असेल तर ती बाई. रेघ ही तिची कंद खणायची काठी, गोल हा तिचा लाकडी काथवटीसारखा पाळा. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा, मुक्काम किंवा चूल. कथा बदलली की त्याच खुणेचा अर्थ बदलतो. म्हणून नुसत्या खुणा पाठ करून चित्र उलगडत नाही, कुणीतरी सांगावं लागतं.

आणि सांगायचा हक्क सगळ्यांना नाही, ही त्यातली खरी गोम. सृष्टी घडवत हिंडलेल्या पूर्वजांच्या या कथांना वार्लपिरी लोक 'जुकुर्पा' म्हणतात. इंग्रजांनी त्याला 'स्वप्न' म्हटलं, पण त्यात धर्म, कायदा, नकाशा, नातीगोती सगळं येतं. प्रत्येक कथेला घराणं असतं. वडिलांकडून वारसा आलेले तिचे मालक, आणि आईकडून नातं असलेले तिचे राखणदार. सारं रीतीप्रमाणे होतंय ना, यावर या आजोळच्या मंडळींनी डोळा ठेवायचा. दुसऱ्याच्या कथेला हात लावणं म्हणजे चोरीच.

मग ठिपके कुठून आले? सुरुवातीच्या फळ्यांवर पुरुषांनी उत्साहाच्या भरात काही अशा वस्तू नि विधी काढले, जे बायकांनी, मुलांनी आणि परक्यांनी पाहायचे नसतात. त्या चित्रांची प्रदर्शनं झाली तेव्हा दुसऱ्या गटांतली वडीलधारी माणसं संतापली. घरातलं चव्हाट्यावर मांडलं, ही त्यांची तक्रार. त्यानंतर पवित्र गोष्टी चित्रातून कमी झाल्या आणि ठिपके वाढत गेले. ठिपके मूळ विधीच्या नक्षीत होतेच, आता ते झाकायच्याही कामी आले. काही जुन्या फळ्या आजही प्रदर्शनात उघड मांडत नाहीत. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके आधी आणि रेघ मागाहून. तिथे बहुतेकदा उलटं. वर्तुळं, वाटा, पावलं आधी, आणि सर्वांत शेवटी ठिपके. आपला ठिपका सांगाडा, त्यांचा ठिपका पदर.

तुम्ही म्हणाल, यात बायका कुठे आहेत? मलाही हाच प्रश्न पडला होता. पापुन्यात पहिली बरीच वर्षं चित्रकार म्हणून नाव पुरुषांचंच होतं. नवऱ्याच्या चित्रात तासन् तास ठिपके भरायला बायका, आणि चित्राखाली नाव त्याचं! हे ऐकून नवल वाटलं नाही, कारण स्वयंपाक तिचा आणि आमंत्रण त्याचं हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण वाळूत खुणा काढत मुलांना गोष्ट सांगायची, एक प्रसंग संपला की हाताने वाळू सपाट करून पुढचा काढायचा, ही कला बायकांचीच. बायकांचे विधी आणि त्यांची अंगावरची नक्षीही वेगळी. पुरुषांनीही ती पाहायची नसते असे त्यांचे काही विधी आहेत.

बायका पुढे आल्या त्या दुसऱ्या गावांतून. यूटोपिया नावाच्या भागात त्या १९७७ साली बाटिक शिकल्या. मेण, रंग आणि रेशमी कापड. त्यांत एमिली काम उंग्वारे नावाची बाई होती. 'काम' म्हणजे तिच्या मुलखातल्या एका कंदाचं बी. कॅनव्हास तिच्या हाती आला तो १९८८च्या सुमारास, तेव्हा तिचं वय सत्तरीच्या पुढे होतं. १९९६ साली ती वारली. मधल्या आठेक वर्षांत तिने सुमारे तीन हजार चित्रं काढली असं मानतात. तिचं कंदाच्या मुळांचं आठ मीटर रुंद चित्र मेलबर्नच्या कलासंग्रहालयात आहे. काळ्यावर पांढऱ्या रेघा, एकही ठिपका नाही. चित्रात काय आहे असं विचारलं की कंद, बी, इमू, सरडा, सगळंच, असं ती सांगे. नातवंडं झाली की हातातली कामं सोडून द्यायची असतात असं म्हणणाऱ्यांना तिचं नाव जरूर सांगा.

पण माझ्या मनात घर केलं ते किंटोरच्या गोष्टीने. ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पाचशेहून जास्त किलोमीटरवरची ही वस्ती. या लोकांत मूत्रपिंडाचे विकार फार. डायलिसिस लागलं की आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घ्यायचं, आणि यंत्र शहरात. म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी घर, नातवंडं आणि ज्या जागेच्या कथा राखायच्या ती जागाच सोडून परगावी मरायला जायचं. शेवटी किंटोर आणि किविरकुरा इथल्या चित्रकारांनी मिळून चार मोठी चित्रं काढली. दोन पुरुषांची, दोन बायकांची. २००० साली सिडनीच्या कलासंग्रहालयात लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. २००४ पासून किंटोरमध्येच डायलिसिस होऊ लागलं. ती संस्था 'पर्पल हाऊस' म्हणून ओळखली जाते. आज कितीतरी दूरच्या वस्त्यांत तिची यंत्रं आहेत, शिवाय यंत्रं घेऊन फिरणारा एक ट्रकही.

पैसा मात्र नेहमीच असा घरी आला नाही. जॉनी वारंगकुला चुपुरुलाने १९७२ साली काढलेलं पाण्याच्या कथेचं चित्र दीडशे डॉलरला गेलं होतं. २००० साली त्याच चित्राला ४ लाख ८६ हजार पाचशे डॉलर आले. चित्रकार तेव्हा जिवंत होता, म्हातारा नि गरीब. त्याला त्यातलं काहीही मिळालं नाही. क्लिफर्ड पॉसमचं एक प्रचंड चित्र एका बँकेने बाराशे डॉलरला घेतलं होतं. २००७ साली राष्ट्रीय कलादालनाने ते २४ लाखांना विकत घेतलं. आता २०१० पासून कायदा आहे. हजार डॉलर किंवा अधिक किमतीला चित्र पुन्हा विकलं गेलं, तर पाच टक्के चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना.

नकली मालाचं दुखणं वेगळंच. आदिवासी चित्रकारांची चित्रं परस्पर उचलून व्हिएतनाममध्ये गालिचे विणून आणले गेले होते. १९९४ साली न्यायालयाने चित्रकारांच्या बाजूने निकाल दिला. नुसता पैशांचा प्रश्न नव्हता. पूर्वजांची कथा पायाखाली तुडवायची? इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू आदिवासींच्या म्हणून विकणाऱ्या एका कंपनीला २०१९ साली २३ लाख डॉलर दंड झाला.

आपल्या वारलीचंही थोडं असंच नाही का? लग्नाचा चौक भिंतीवर काढायच्या सुवासिनी, आणि १९७०च्या दशकात तो कागदावर नेऊन जगभर पोचवला जिव्या सोमा म्हशे यांनी. १९८९ साली पॅरिसला झालेल्या एका मोठ्या प्रदर्शनात जिव्यांची वारली चित्रं होती, आणि वार्लपिरी चित्रकारांनी जमिनीवर घातलेली नक्षीही.

आता कुणी विचारेल, मग मी कुंडीवर, कुर्त्यावर ठिपके काढू नयेत का? खुशाल काढा. ठिपका कुणाच्या मालकीचा नाही. फक्त त्यांची वर्तुळं, वाटा, प्राण्यांची पावलं उचलून त्याला 'ॲबोरिजिनल डिझाइन' म्हणून विकू नका. तिथे खरेदी करताना चित्रकाराचं नाव, गाव आणि कथा विचारा. दुकानदार अडखळला तर पुढे चला. चित्रकारांच्या मालकीच्या कलाकेंद्रांतून घेतलेलं लहानसं चित्रही कागदपत्रांसह मिळतं. मोठं परवडलं नाही तर पोस्टकार्ड घ्या, पण खऱ्याचं घ्या.

जायचं तर मे ते ऑगस्ट. दिवसा ऊन छान असतं, पण रात्री पारा शून्याखालीही उतरतो, तेव्हा शाल नव्हे, चांगला स्वेटर न्या. माशा फार, टोपीला जाळी लावून घ्या. पापुन्याच्या बाजूला आधी परवाना काढल्याशिवाय जाता येत नाही. आणि रस्त्याकडेला झाडाखाली बसून रंगवणाऱ्या आजीबाई दिसल्या तर फोटो काढण्याआधी विचारा. त्या नाही म्हणाल्या तर कॅमेरा पिशवीत ठेवा आणि बसा जरा त्यांच्याजवळ.