परतीचे गाव

पॅरिसमध्ये सेन नदीच्या दक्षिणेस, प्रसिद्ध वनस्पती-उद्यानाजवळ, ३३ मीटर उंचीचा एक चौकोनी मिनार दृष्टीस पडतो. ही पॅरिसची मोठी मशीद. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढताना कामी आलेल्या मुसलमान सैनिकांच्या स्मरणार्थ ती बांधण्यात आली आणि १९२६ साली तिचे उद्घाटन झाले. प्रवासी येथील चहागृहात पुदिन्याचा गोड चहा घेत घटकाभर विसावतात. परंतु या शहरातील अरबांचे रोजचे जीवन पाहायचे, तर उत्तरेस बार्बेसला जावे.

तेथे भुयारी रेल्वे जमिनीवर येऊन उंच पुलावरून धावते आणि पुलाखाली बुधवारी व शनिवारी बाजार भरतो. पुदिना-कोथिंबिरीच्या जुड्या, ऑलिव्ह, खजूर आणि विक्रेत्यांचा अखंड पुकारा! शेजारची वस्ती 'गूत दॉर', म्हणजे 'सोन्याचा थेंब'. एमिल झोलाने १८७७ च्या आपल्या कादंबरीत फ्रेंच मजुरांची दैना रंगवली ती याच गल्ल्यांतली. पुढे येथील खोल्यांत अल्जीरियाचे मजूर राहू लागले. त्यांत कबाईल लोकही पुष्कळ होते. त्यांची भाषा अरबीहून निराळी. पण शेजाऱ्यांच्या लेखी सारे 'अरब'च!

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सला मोटारींच्या कारखान्यांसाठी, रस्त्यांसाठी, इमारतींसाठी हात हवे होते. माणसे एकटीच आली. चार पैसे गाठीला बांधून परतायचे, हा बेत. कित्येकांनी नांतेर येथे पत्र्याच्या झोपड्यांत दिवस काढले. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी, अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, पॅरिसमध्ये शांततेने निघालेल्या अल्जीरियनांवर पोलिस तुटून पडले. अनेकांचे प्राण गेले. काहींना सेन नदीत फेकण्यात आले. त्यांच्या स्मरणाची शिला सँ-मिशेल पुलावर बसली ती २००१ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी.

१९७४ मध्ये फ्रान्सने परदेशी मजुरांची भरती थांबवली. परिणाम मात्र उलटा झाला. एकदा गेलो तर पुन्हा येता यायचे नाही, या धास्तीने माणसे जागीच राहिली आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. मुले फ्रेंच शाळांत शिकली. १९८३ मध्ये त्यांच्यातील काही तरुण समतेच्या मागणीसाठी मार्सेहून पायी निघाले. ३ डिसेंबरला पॅरिसमध्ये त्यांच्यामागे लाखभर लोक होते. 'आम्ही इथलेच' हे त्यांचे म्हणणे होते. पुढल्याच वर्षी परदेशी रहिवाशांना दहा वर्षांचा वास्तव्य-परवाना मिळू लागला.

भाषेची कथाही मौजेची आहे. नातवंडांची अरबी पुष्कळदा आजीपुरतीच उरली; आणि इकडे फ्रेंच माणूस मात्र डॉक्टरला सहज 'तुबिब' म्हणतो. तो आपल्या ओळखीचा अरबी 'तबीब'च. बाहेरगावी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना या देवघेवीचे नवल वाटू नये.

पहिल्या पिढीतील वृद्धांना 'शिबानी', म्हणजे पिकल्या केसांचे, म्हणतात. त्यांच्यातील कित्येकांची कुटुंबे कधी आलीच नाहीत. मजुरांच्या वसतिगृहातील एका खोलीत त्यांचे सारे आयुष्य गेले. गावी आता त्यांना पाहुण्यासारखे वाटते आणि येथे परक्यासारखे.

शहराच्या ईशान्येस बोबिन्यी येथे १९३५ साली उत्तर आफ्रिकेच्या मुसलमानांसाठी रुग्णालय उघडले आणि १९३७ साली दफनभूमी. रुग्णालयाला आज इब्न सिना या थोर तबिबाचे नाव आहे. अजूनही अनेकांचे पार्थिव विमानाने मायदेशी नेले जाते. आयुष्यभर लांबलेले परतणे असे पूर्ण होते. पण काही मुलांना वाटते, सणावारी जाता येईल इतक्या अंतरावर आईवडिलांची कबर असावी. घरोघरी हा प्रश्न हलक्या आवाजात निघतो आणि त्याच्या उत्तरावरूनच त्या घराचे गाव ठरते.