आमच्याकडची एक

सोनूबाईवर अन्याय झालाय, असं मला हल्ली वाटायला लागलंय. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.' शाळेत या म्हणीचा अर्थ लिहून मी एकेक मार्क मिळवला, पुढे कुणाकुणाला टोमणा म्हणून ती मारलीही. पण त्या बाईकडे कधी वळून पाहिलं नाही. नाव काही तिनं स्वतः ठेवलं नव्हतं. बाराव्या दिवशी आत्यानं पाळण्यात वाकून तिच्या कानात ते सांगितलं असणार. घरात तेव्हा सोनं असेल म्हणून ठेवलं असेल, किंवा नसेल म्हणूनही. पुढे वाळा कथलाचा निघाला तर हसायचं कुणाला, आत्याला की सोनूबाईला?

हे सगळं 'वेनराइट' या आडनावामुळे चाललंय. ते डोक्यातून जात नाही. जुन्या इंग्रजीत वेन म्हणजे माल वाहायची गाडी आणि राइट म्हणजे ती घडवणारा. थोडक्यात, गाड्या करणारा सुतार. आपल्याकडे सुतार, लोहार, तांबट ही आडनावं आहेत, त्यातलंच एक. पण मी म्हणतेय तो जेकब वेनराइट गाड्या करणाऱ्यांच्या घरातला नव्हता, इंग्रजही नव्हता. तो पूर्व आफ्रिकेतल्या याओ लोकांपैकी. गुलाम म्हणून धरून नेलेला, इंग्रजांनी सोडवलेला, आणि मग आमच्या नाशकात, शरणपूरला मिशनच्या आश्रयाखाली वाढलेला. शरणपूर रोडनं मी आयुष्यभर जा-ये केली. या नावातलं 'शरण' मला कधी ऐकूच आलं नाही. रस्त्याचं नाव म्हणजे रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता, एवढंच.

१८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्रीसाहेबानं ही वस्ती उभी केली. तिथं या मुलांना अक्षरओळख मिळाली, हाताला सुतारकी-लोहारकीसारखं काम मिळालं आणि नावं मिळाली. १८६६ साली मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्यानं इथली नऊ मुलं बरोबर नेली. त्यांची नावं वाचताना मला हसू आलं आणि लगेच हसण्याची लाज वाटली. सायमन प्राइस, म्हणजे पाद्रीसाहेबांचंच आडनाव. रिचर्ड आयझेनबर्ग, या आडनावाचे जर्मन मिशनरी तेव्हा मुंबई इलाख्यात होते. रुबेन स्मिथ, म्हणजे घडई करणारा लोहार. अब्राहम परेरा, हे तर थेट गोव्याकडचं. वर्गात नवी मुलं आली की मास्तर कपाटातून उरलेले सदरे काढून देतात, मापाचा असो वा नसो, तसं काहीसं डोळ्यांपुढे येतं. पण मी तिथं नव्हते. कदाचित मुलांना ते सदरे आवडलेही असतील.

जेकब या नऊ जणांतला नव्हे, लिव्हिंग्स्टनकडे गेलेल्या पुढच्या खेपेतला. त्याच खेपेत एक होता मॅथ्यू वेलिंग्टन. त्याचं घरचं नाव चेंगविंबे. ज्या वेलिंग्टनचं नाव त्याच्या वाट्याला आलं, त्याची गंमत अशी की तेही त्याचं घरचं नव्हे. तो आर्थर वेलस्ली. त्यातही घराण्याचं आडनाव आधी वेस्ली, ते लांबवून वेलस्ली केलेलं. १८०३ मध्ये त्यानं अहमदनगरचा किल्ला घेतला, असईला शिंदे-भोसल्यांशी लढाई मारली, तेव्हा तो वेलिंग्टन नव्हताच. १८०९ मध्ये सरदारकी मिळाली तेव्हा सॉमरसेटमधल्या वेलिंग्टन नावाच्या गावावरून त्यानं हा किताब घेतला. मग नाव सुटलंच. न्यूझीलंडची राजधानी झाली, निलगिरीतली छावणी झाली, मुंबईत रीगलसमोरचं कारंजं झालं, पावसाळ्यात घालायचे बूट झाले, आणि नाशकात एका पोरक्या पोराचं आडनाव झालं. तो पोरगा म्हातारा होऊन १९३५ मध्ये मोंबासाला वारला. म्हणजे सॉमरसेटमधल्या गावापासून निघालेलं नाव असईच्या माणसावरून फिरत शरणपूरला आलं आणि मोंबासाच्या मातीत गेलं. यात चेंगविंबे कुठे बसला होता, ते मला नीट दिसत नाही.

आधी माझी समजूत सोपी होती. आपल्याकडे गाव माणसाला नाव देतं आणि इंग्रज माणूस गावाला नाव देतो. आपण चांदवडकर, निफाडकर, येवलेकर. त्यांच्याकडे माणूस कुठे उतरला की त्या जागेला त्याची पाटी. इथली आफ्रिकी माणसं १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ नेऊन वसवली, त्या वस्तीचं नावही फ्रियर टाउन; मुंबईचे एके काळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून. मुंबईतला फ्रियर रोड म्हणजे आजचा पी. डिमेलो रोड आणि कराचीतला फ्रियर हॉल, हेही त्यांचेच. समजूत पक्की होत होती. पण वेलिंग्टननं ती बिघडवली, आणि लिव्हिंग्स्टनचं आडनावही स्कॉटलंडमधल्या लिव्हिंग्स्टन गावावरूनच आलेलं. पुढे झांबियात त्याच्या नावानं शहर वसलं. म्हणजे ते मूळचे आपल्यासारखेच, कोणी वेलिंग्टनकर, कोणी लिव्हिंग्स्टनकर. परक्या मुलखात गेल्यावर त्यांनी नाव उलटं टाकलं, इतकंच.

आणि 'कर' तरी गावात राहून कोण होतं? नाशकात कुणाला नाशिककर म्हणून ओळखत नाहीत. इथं सगळेच इथले. नाशिककर हे आडनाव चिकटायचं तर आधी नाशिक सोडावं लागतं. पुण्याला किंवा इंदूरला जाऊन कुणी तरी विचारावं लागतं, 'तुम्ही कुठले?' होळकरसुद्धा नीरेकाठच्या होळ गावचे, पण होळ सोडून माळव्यात गेले म्हणून होळकर. आता त्यांचं नाव आमच्या गोदावरीवर आहे. पूर्वीचा व्हिक्टोरिया पूल तो आजचा अहिल्यादेवी होळकर पूल; पावसाळ्यात पेपरात रोज येतं, होळकर पुलाखालून इतके क्युसेक पाणी. व्हिक्टोरिया गेली आणि तिच्या जागी आलं तेही एका गावाचंच नाव, तेही सोडलेल्या गावाचं.

या हिशेबानं आफ्रिकेत गेलेली ती मुलं खरी नाशिककर ठरतात. लिव्हिंग्स्टन त्यांना नासिक बॉइजच म्हणायचा. मोंबासाला त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. आडनावं इंग्रजी असली तरी हाक मारताना गावाचं नाव आलं. हे लिहिताना मला थोडा अभिमान वाटला, आणि मग तो कशाचा, हे सांगता येईना. मी त्यांना काय दिलंय?

आता कथलाकडे यायला हवं. कारण म्हणीतला खरा अपमान त्याचा आहे.

आमच्याकडे आजीचं एक पितळी पातेलं आहे, दोन शेर दूध मावेल एवढं. त्याला वर्षा-दोन वर्षांनी कल्हई लागायची. कल्हईवाला वाड्याच्या तोंडाशी बसायचा. जमिनीत खळगा करून त्यात कोळसे पेटवायचा, चामड्याचा भाता मातीच्या नळीला जोडायचा आणि आम्हा पोरांना भाता ओढायला द्यायचा. मजुरी नाही, मानच म्हणायचा. पातेलं आधी वाळूनं आतून खरवडून घ्यायचं, मग विस्तवावर पालथं-उताणं करत तापवायचं. पुरेसं तापलं की नवसागराची चिमूट आत. पांढरा धूर उठायचा आणि नाकात असा शिरायचा की डोळ्यांतून पाणी. त्या धुरातच तो कथलाची बारीक कांडी पातेल्याच्या तळाला टेकवायचा. कांडी लगेच विरघळायची, थेंबभरच, आणि तो कापसाच्या बोळ्यानं तो थेंब असा फिरवायचा की काळंपिवळं पातेलं एका फेरीत आतून चांदीचं व्हायचं. मग चिमट्यानं उचलून बादलीत. चर्र. त्या आवाजासाठी आम्ही दुपारची झोप सोडायचो.

कथील नसेल तर पितळेच्या भांड्यात ताक ठेवता येत नाही, चिंचेची आमटी करता येत नाही, सगळं कळकतं. सोन्याचा वाळा कुणाचं ताक वाचवत नाही. ही माझी सोनूबाईच्या बाजूची वकिली. आणि कथील आपल्याकडे फारसं निघतही नाही. पूर्वीपासून ते समुद्रापलीकडूनच यायचं. परक्या मुलखाचा धातू, आमच्या भांड्याला आतून लागलेला, दिसतो न दिसतो असा. मी या वाक्यापाशी थोडी थांबले होते. त्याला इंग्रजी आडनावांची उपमा करून टाकावी, असा मोह झाला. पण कल्हई उतरते, पुन्हा लावावी लागते. आडनावाचं तसं नाही. शिवाय कल्हई भांडं स्वतः मागतं. उपमा जुळत नाही. राहू दे.

पातेल्यावर बाहेरून नाव आहे. टिपक्याटिपक्यांनी ठोकलेलं, छिन्नीच्या टोकानं. नाव आजीचं, पण माहेरचं. लग्नाआधी तिच्यासाठी घेऊन ठेवलेलं भांडं ते. लग्नात तिचं नाव बदललं, आडनाव तर बदलणारच होतं, आणि पातेलं जुन्या नावासकट सासरी आलं. आमच्या घरात त्या नावाची दुसरी कुठलीही खूण नव्हती. मी वाचायला शिकले तेव्हा एकदा विचारलं, 'आजी, ही कोण गं?' ती निवडत होती ते तांदूळ निवडतच राहिली. म्हणाली, 'होती आमच्याकडची एक.'

लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका. लग्नानंतर त्या लक्ष्मी झाल्या. पुढे त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले; धर्म बदलला, पण नाव नारायण वामन टिळकच ठेवलं. म्हणजे धर्म बदलून पुरुषाचं जे राहिलं, ते मांडवात उभं राहून बाईचं गेलं. शरणपूरच्या पोरांचं दोन्ही गेलं. हा हिशेब मांडून मला काही सिद्ध करायचं नाही. 'स्मृतिचित्रे' लिहिली ती लक्ष्मीबाईंनी. मनकर्णिका नाव धरून बसली असती तर काय वेगळं लिहिती झाली असती, कोण सांगणार.

जेकबबद्दल एक गोष्ट राहिली. १ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचं काळीज काढून तिथंच झाडाखाली पुरलं आणि उरलेला देह वाळवून, गुंडाळून, कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत नेला. पुरताना प्रार्थना जेकबनं वाचली. वाचता येणारा तो. मग त्या झाडाच्या सालीत त्यानं अक्षरं कोरली. लिव्हिंग्स्टनचं नाव, तारीख, आणि त्यांच्यातल्या म्होरक्यांची नावं. स्वतःचं नाही. पुढे तो शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला, १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत पेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. त्या झाडाचा कोरलेला तुकडाही नंतर लंडनला गेला.

त्यानं आपलं नाव का कोरलं नसेल? भांड्यावर नाव घालणारा कधी स्वतःचं नाव घालत नाही, म्हणून? की वेनराइट हे कोरण्याइतकं आपलं वाटत नव्हतं? की दमला होता, जागा नव्हती, कुणी तरी घाई करत होतं? मला दुसरं कारण हवंय, हे माझ्या लक्षात येतंय. ते खरं असेलच असं नाही. १८९२ मध्ये तो आफ्रिकेत वारला, तेव्हाही जेकब वेनराइटच होता.

गेल्या आठवड्यात ते पातेलं घेऊन मी भांडी बाजारात गेले. कल्हई करून मिळते का, विचारायचं होतं. मिळाली. दुकानातल्या मुलानं पातेलं उताणं-पालथं केलं, नखानं टिपक्यांवरून रेघ ओढली. 'मावशी, नाव पार झिजलंय. मशीननं वरून परत घालून देऊ? दोन मिनिटांचं काम. काय नाव आहे?'

मी चष्मा लावला. पहिलं अक्षर मी आयुष्यभर 'म' धरलं होतं. त्या उजेडात ते 'भ'सारखं दिसत होतं. मग तिसऱ्या अक्षराचीही खात्री वाटेना. आजीचा भाऊ एकदा आमच्याकडे आला होता तेव्हा त्यानं तिला हाक मारलेली मी ऐकली आहे. पण तो तिला 'चिमे' म्हणाला होता, आणि ती हसली होती. म्हणजे ते तिसरंच.

'राहू दे,' मी म्हटलं. त्यानं पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. शालिमारपर्यंत चालत आले तोवर वाटत होतं, बरं केलं. रिक्षात बसल्यावर वाटलं, 'म' घालून टाकायला हवा होता. रिक्षावाल्यानं विचारलं, 'कुठं जायचं?' मी म्हटलं, 'शरणपूर रोड.'