पाण्याची वाट

पाण्याला सातबारा वाचता येत नाही. आपली हद्द कोठे संपते आणि शेजाऱ्याची कोठे सुरू होते, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याला कळतो तो केवळ उतार. उतार असेल तिकडे ते निमूटपणे चालू लागते. कोणी वाट अडवली, की तेथेच बैठक मारते. ही बैठक किती चिवट असते, ते मी २०२२ च्या पावसाळ्यात पाहिले.

आमचे घर दापोली तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घरामागे लहानशी परसबाग आहे. चार माड, हापूसचे एक कलम, पपईची झाडे, थोडे अळू आणि आईने जिवापाड जपलेले हळदीचे दोन वाफे, एवढाच तिचा संसार. बागेच्या खालच्या अंगाला पूर्वी जांभ्या दगडांचा गडगा होता. मातीचुन्यावाचून नुसता दगडावर दगड रचलेला हा गडगा. पण त्याच्या तळाशी कोणा शहाण्या पूर्वजाने वीतभर रुंदीची एक फट राखली होती. आमच्याकडचे पाणी त्या फटीतून भाऊंच्या मोकळ्या जागेत उतरे आणि तेथून मागच्या पऱ्ह्याला मिळे. भाऊ म्हणजे आमचे शेजारी. दोन पिढ्यांचा घरोबा. त्या गडग्यावरून ताकाची लोटी आणि फणसाचे गरे किती वेळा इकडून तिकडे गेले असतील, त्याला गणती नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात भाऊंच्या मुलांनी नवे घर बांधायला काढले. जागेत अडीच फूट मातीची भर पडली, गडगा जाऊन चिरेबंदी भिंत उभी राहिली. भिंत सुरेख झाली होती, यात शंका नाही. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि चौथ्या दिवशी आमच्या बागेचे तळे झाले.

त्यातच नव्या छपराच्या पागोळ्या आमच्या बाजूला पडत. तुम्ही हिशेब करून पाहा. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी होते. मग १२० चौरस मीटरांच्या छपरावर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर १२,००० लिटर पाणी झाले. पंधरा लिटरांच्या बादलीने ते उपसायचे म्हटले, तर ८०० बादल्या! बाग बादलीने कोरडी करण्याचा माझ्या धाकट्या पुतण्याचा बेत या हिशेबापुढे जागच्या जागी विरघळला.

पाणी तर झाडांना हवेच असते. मग साचलेल्या पाण्याने ती मरतात कशी? मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, तीवर मुळे जगतात. पाणी तुंबले, की त्या पोकळ्या भरतात आणि मुळे गुदमरतात. पपई सर्वांत आधी गेली. मग हळदीची पाने पिवळी पडली. आईने एक कंद उकरून पाहिला, तो बोटांखाली मऊ लागला. ती काही बोलली नाही. हात धुऊन आत गेली. ते न बोलणे मला फार लागले.

गावात सल्लागारांना तोटा नसतो. एका वकील स्नेह्याने १८८२ सालचा भारतीय सुविधाधिकार अधिनियम उघडून दाखवला. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी निसर्गतः खालच्या जमिनीत वाहत जात असेल, तर खालच्या मालकाने ते जाऊ द्यावे, असा वरच्या मालकाचा हक्क त्यात सांगितला आहे. कायदा आमच्या बाजूचा होता. परंतु खटल्याचा निकाल लागेपर्यंत हळद थांबणार नव्हती, आणि भाऊंचा घरोबा तर मुळीच थांबला नसता. मी छत्री घेतली आणि भाऊंनाच बागेत घेऊन आलो.

भाऊ घोटाभर पाण्यात उभे राहिले. बराच वेळ त्यांनी भिंत न्याहाळली. मग म्हणाले, “मास्तर, ती फट गवंड्याने सापाचे बीळ समजून बुजवली हो! मी तेव्हा मुंबईस होतो.”

“आता भिंत फोडा, असे मी म्हणत नाही,” मी म्हणालो, “पण पाण्याला वाट द्यायला हवी.”

दुसऱ्या दिवशी भाऊंनी त्याच गवंड्याला बोलावले. त्याने पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी आणली. नळी कितीही वाकडीतिकडी असली, तरी तिच्या दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीत राहते; त्यावरून जमिनीचा चढउतार मोजता येतो. भिंतीच्या कडेने कोपऱ्यापर्यंत ६० फुटांत ९ इंचांचा उतार निघाला. तेवढा पुरेसा होता. मात्र कोपऱ्यात आमच्या बाजूला कातळ लागला. तेथून पुढे पऱ्ह्यापर्यंतचे बारा फूट चर भाऊंच्या जागेतूनच न्यावा लागणार होता, आणि नेमकी तेथेच त्यांच्या मुलाला मोटारीची शेड बांधायची होती. सगळे गप्प झाले. मुलाने वडिलांकडे पाहिले. “शेड चार पावले मागे घे,” भाऊ म्हणाले आणि त्यांनी स्वतः कुदळ उचलली.

उघडा चर माती ढासळून लवकर बुजतो. म्हणून आम्ही तळाशी मोठे दगड आणि वर बारीक खडी भरली; पाणी दगडांमधून झिरपत जाते. अशा चराला इंग्रजीत ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. मला वाटे, ही फ्रान्स देशाची युक्ती असावी. पण ते नाव हेन्‍री फ्लॅग फ्रेंच या अमेरिकन गृहस्थाचे आहे. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या शेतीच्या निचऱ्यावरील पुस्तकात त्याने या चरांची माहिती दिली होती. छपरालाही पन्हळ बसली आणि तिचे पाणी भाऊंनी आपल्याच अंगणातून वळवले.

चर पूर्ण झाला त्या संध्याकाळी तळे हळूहळू ओसरू लागले. कोपऱ्यातल्या भोकातून गढूळ पाणी पऱ्ह्याकडे धावले, तेव्हा पुतण्याने त्यात केळीच्या सोपटाची होडी सोडली. हळदीचा एक वाफा वाचला; दुसरा गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी आईने त्या जागी अळू लावले आणि वाचलेल्या वाफ्यातली पाने नागपंचमीला पातोळ्यांसाठी भाऊंकडे पाठवली. दरवर्षी मृगाआधी चरातला पालापाचोळा काढावा लागतो. एक वर्ष ते काम आमच्याकडे असते, एक वर्ष भाऊंकडे.