सड्यावरची काई

रत्नागिरीला पाहुणे आले की आपण त्यांना भाट्याचा समुद्र दाखवतो, थिबा पॅलेस दाखवतो, किल्ल्यावर नेतो आणि जाताना हातात आंब्याची पेटी देतो. सडा मात्र कुणी दाखवत नाही. दाखवण्यासारखे तिथे आहे तरी काय? मे महिन्यात काळाठिक्कर कातळ, पाय भाजतील असा. गुरेसुद्धा तिकडे फिरकत नाहीत. सरकारी कागदावरही अशा जमिनीला पडीकच म्हणतात.

पण हाच सडा ऑगस्टमध्ये पाहावा. गेल्या पावसाळ्यात आम्ही शाळेतली मुले घेऊन उक्षीच्या सड्यावर गेलो होतो. तिथे कातळावर कोरलेला मोठा हत्ती आहे. कोकणातली अशी कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली आणि त्यात उक्षीचेही नाव आहे. मुलांनी हत्ती पाहिला, फोटो काढले. आम्हाला मात्र त्यांना कातळाच्या भेगा दाखवायच्या होत्या. बोटभर रुंदीच्या भेगेत चिमूटभर माती, त्या मातीवर मखमलीसारखा हिरवा थर आणि त्या थरातून वर आलेली सीतेची आसवे, गेंद, इवलेसे गवत. मखमल नसेल तर त्या चिमूटभर मातीला रत्नागिरीचा पाऊस एका दिवसात धुऊन नेईल. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत.

या मखमलीचे नाव काय, यावर मुलांची जुंपली. उर्दू माध्यमाची मुले म्हणाली, काई. मराठी माध्यमाची म्हणाली, शेवाळ. दोन्ही बरोबर आणि दोन्ही अपुरे, कारण तळ्यातल्या पाण्यावर तरंगते तेही काई आणि भिंतीवर चढते तेही काई. शास्त्र यांना वेगळे मानते. पाण्यातले ते शैवाल. भिंतीवरचे, कातळावरचे, झाडाच्या सालीवरचे बहुतेक वेळा मॉस किंवा त्याचे भाऊबंद. पाठ्यपुस्तकात या गटाला ब्रायोफायटा म्हटले आहे आणि वनस्पतीसृष्टीचे उभयचर अशी ओळख दिली आहे. जमिनीवर राहायचे, पण वंश वाढवायला पाणी हवेच. यांना खरी मुळे नाहीत, फूल नाही, बी नाही. पाणी अंगानेच प्यायचे. उन्हाळ्यात कितीतरी जाती वाळून कोळ होतात आणि पहिल्या सरीनंतर पुन्हा हिरव्या होतात.

भाऊबंदांपैकी एक रिक्सिया. ओल्या मातीवर रुपयाएवढी हिरवी चकती, मधून दुभंगत गेलेली. युरोपातल्या जुन्या हकिमांना या गटातल्या काही वनस्पतींचा आकार जिगरसारखा वाटला, म्हणून ती जिगरच्या आजारावर देत. इंग्रजी नावात ती समजूत अजून टिकून आहे. दुसरी सायाथोडियम. जुन्या विहिरीत वाकून पाहिले तर ओल्या सावलीतल्या चिऱ्यावर सोनेरी हिरवी झळाळी दिसते, ती कधी कधी हिची असते. तिचा स्वतःचा प्रकाश नाही; आत येणारा थोडका उजेड ती परतवते. आमच्याकडच्या मुली अशा विहिरीला जिनांची विहीर म्हणत. मुलांना कारण सांगितले तरी त्यांना जिनच जास्त आवडले, हे खरे!

आता मुद्दा दुर्मिळतेचा. प्रत्येक हिरवी भिंत दुर्मिळ नसते, हे आधी सांगायला हवे. आपल्या कुंपणाच्या चिऱ्यावर दिसणारी हायोफिला देशभर सापडते. पण भारतात या गटाच्या अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ फक्त ठरावीक ओलाव्यात, ठरावीक दगडावर जगतात. युरोपने २०१९ मध्ये आपल्या १,८१७ जातींची तपासणी केली, तेव्हा शंभरातल्या बावीसहून अधिक धोक्यात निघाल्या. मोजणीची रीतही समजून घेण्यासारखी आहे. मॉस झाडावर वाढत असेल, तर ते एक झाड म्हणजे एक नमुना धरतात. जमिनीवर असेल, तर एक चौरस मीटर म्हणजे एक नमुना. म्हणजे जुना आंबा किंवा किंजळ तोडला की यादीतला एक गेला.

सड्यावर संकट कशाचे? आपलेच. घर, मशीद, मदरसा, संडास, कंपाउंड, सगळे चिऱ्याचे. आणि चिरा निघतो तो जांभ्याच्या खाणीतून, म्हणजे सड्याची साल सोलूनच. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तेव्हापासून सुरुंग लावून, बाहेरून माती आणून कातळावर हापूस उभा राहिला. त्या हापूसवर आमच्या कित्येक विद्यार्थ्यांची फी भरली गेली, तेव्हा बागायतदाराला दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. तरीही एक हिशेब मांडायला हवा. सड्यावर पडलेले पाणी जांभ्यात मुरते आणि खालच्या वाडीतल्या विहिरींना, झऱ्यांना मिळते. खाण उघडली की विहिरीचे पाणी कुठे गेले, हे वाडीतल्या बायाच आधी सांगतात.

जिथे आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही, अशी एक जागा आहे. ती म्हणजे कब्रस्तान. कोकणातल्या जुन्या कब्रस्तानात नांगर चालत नाही, झाडे जुनी, चिऱ्याचे गडगे त्याहून जुने. अशा ठिकाणी काई निवांत वाढते. पण आता शबे-बरातच्या आधीच्या सफाईत तणनाशक फवारतात, गडग्यावर सिमेंट मारतात, आतपर्यंत पेव्हर ब्लॉक टाकतात. वाटेवर काई नको, हे मान्य. म्हातारी माणसे घसरतात, आणि जनाजा खांद्यावर असताना घसरणे तर नकोच. वाट खरवडावी, ब्लॉकही टाकावेत. गडग्याला आणि झाडाच्या बुंध्याला मात्र हात लावायचे कारण आम्हाला दिसत नाही. जमातीच्या बैठकीत हे बोलायला पाच मिनिटे लागतात.

दुसरे काम ग्रामपंचायतीचे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते. एका गावची वही आम्ही मुलांबरोबर चाळली. आंबा, फणस, काजू, रातांबा, औषधी झाडपाला, मासे, पक्षी सगळे होते. काई नव्हती. मुलांनी साध्या भिंगाने पाहून एका कागदावर सात ओळी लिहिल्या, शास्त्रीय नावाची जागा कोरी ठेवून, आणि ग्रामसेवकांकडे दिल्या. नाव सूक्ष्मदर्शकाशिवाय ठरत नाही, ते पुढे कुणी जाणकार भरेल. पहिली ओळ अशी होती: काई, शेवाळ, मशिदीमागची विहीर, आतली उत्तर बाजू, ऑगस्ट, चमकते.